गेमिंगसाठी दुसरं ग्राफिक्स कार्ड लावावं का? पैसे घालण्याआधी हे वाचा

कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हा विचार कधी ना कधी येतोच. मदरबोर्डवर एक स्लॉट रिकामा आहे, आपल्याकडे आहे तेच कार्ड सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळतंय, मग अजून एक लावलं तर? रॅमच्या दोन स्टिक चालतात, दोन हार्ड डिस्क चालतात, तर ग्राफिक्स कार्ड का नाही?

आधी थेट उत्तर देतो. फक्त गेमिंगसाठी घेणार असाल तर दुसरं कार्ड घेऊ नका. आजचे जवळपास सगळे गेम एकच कार्ड वापरतात आणि दुसरं नुसतं बसून राहतं. पण यूट्यूबवर जुने व्हिडिओ बघितले तर दोन-दोन, तीन-तीन कार्डांचे कॉम्प्युटर दिसतात. ते खोटे नाहीत, त्यांचा काळ वेगळा होता.

ही कल्पना आली कुठून?

१९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू २ कार्ड आलं. अशी दोन कार्डं जोडली की स्क्रीनवरच्या विषम ओळी एक कार्ड काढायचं आणि सम ओळी दुसरं. या पद्धतीचं नाव एसएलआय. पुढे ही कंपनी बुडाली आणि तिचं तंत्रज्ञान एनव्हिडियाने विकत घेतलं. २००४ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स ६८०० सोबत एसएलआय हेच नाव नव्या पद्धतीला दिलं. २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर आणलं, जे नंतर एएमडीकडे गेलं. त्या काळात दोन कार्डांमुळे काही गेममध्ये एफपीएस खरोखर दीडपट किंवा त्याहून जास्त वाढायचे.

दोन कार्डं काम कसं वाटून घ्यायची?

सगळ्यात जास्त वापरली गेलेली पद्धत म्हणजे आळीपाळीने फ्रेम काढणं. पहिली फ्रेम एका कार्डाने काढायची, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने. एका पोळपाटाऐवजी दोन पोळपाट घेऊन दोघांनी पोळ्या लाटायच्या, तसंच. ऐकायला मस्त वाटतं, पण यात दोन अडचणी होत्या.

पहिली अडचण स्टटरची. समजा तुमच्या गावाला तासाला दोन एसटी आहेत. दर अर्ध्या तासाला एक आली तर ठीक. पण दोन्ही पाठोपाठ आल्या आणि नंतर तासभर एकही नाही, तरी कागदावर हिशोब तासाला दोनचाच. दोन कार्डांचं असंच व्हायचं. कोपऱ्यात ६० एफपीएस दिसायचे, पण फ्रेम दर १६.७ मिलिसेकंदांनी येण्याऐवजी दोन पटापट यायच्या आणि मग गॅप पडायचा. आकडा मोठा, तरी गेम अडखळतोय असं वाटायचं.

दुसरी अडचण मेमरीची. ६ जीबीची दोन कार्डं लावली म्हणजे १२ जीबी झाली, असं होत नाही. दोन्ही कार्डांना तोच गेम काढायचा असतो, त्यामुळे दोघांनाही सगळ्या टेक्श्चरची आपापली कॉपी ठेवावी लागते. दोन मित्रांनी एकच गाईड विकत घेतलं तर पुस्तकं दोन होतात, धडे तेवढेच राहतात. त्यामुळे वीरॅम ६ जीबीच.

मग हे बंद का पडलं?

मुख्य कारण गेम बनवण्याच्या बदललेल्या पद्धतीत आहे. आजचे गेम नवी फ्रेम काढताना आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. टीएए, डीएलएसएस, एफएसआरच्या नव्या आवृत्त्या हे सगळं त्यावरच चालतं. आता आधीची फ्रेम दुसऱ्याच कार्डात असेल तर? ती माहिती इकडून तिकडे आणेपर्यंत थांबावं लागतं आणि दोन कार्डांनी वाचवलेला वेळ तिथेच जातो.

दुसरं कारण जबाबदारीचं. पूर्वी प्रत्येक गेमसाठी कार्डाची कंपनी ड्रायव्हरमध्ये वेगळं प्रोफाइल बनवायची. डायरेक्टएक्स १२ आणि वल्कन आल्यावर हे काम गेम बनवणाऱ्यांच्या अंगावर आलं. दोन कार्डं असलेले खेळाडू मुळातच मूठभर. त्यांच्यासाठी महिनोन्महिने कोण राबणार? ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटीसारख्या थोड्याच गेमनी ते केलं.

मग कंपन्यांनीही हात आखडता घेतला. २०१६ च्या जीटीएक्स १०६० ला एसएलआय दिलंच नाही. आरटीएक्स ३० सिरीजमध्ये दोन कार्डं जोडायचा कनेक्टर फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला होता, ४० सिरीजमध्ये एकालाही नाही. १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल बनवणंही एनव्हिडियाने थांबवलं. एएमडीच्या आरएक्स ५७०० मध्येही क्रॉसफायर नाही.

माझ्या मामेभावाचा हिशोब

माझा मामेभाऊ कोल्हापूरला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्याकडे जीटीएक्स १६६० सुपर आहे. शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पंधरा हजार साठवले होते आणि तसंच दुसरं कार्ड बघून ठेवलं होतं. मला फोन केला, "दादा, उद्या ॲडव्हान्स देतोय, फक्त एकदा बघून सांग."

मी त्याला चार गोष्टी सांगितल्या. एक, १६६० सुपरला एसएलआय नाहीच, त्यामुळे दोन कार्डं एका गेमवर मिळून काम करणार नाहीत. दोन, त्याचा एसएमपीएस ४५० वॉटचा साधा लोकल. त्यावर अजून १२५ वॉटचं कार्ड टाकणं म्हणजे रिस्क. तीन, बजेट मदरबोर्डवरचा दुसरा लांब स्लॉट दिसायला पहिल्यासारखा असला तरी बरेचदा आत १६ ऐवजी ४ च लेन असतात. आणि चार, त्याला खेळायचा होता इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल. त्या गेमला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच आणि ते १६६० सुपरमध्ये नाही. जे एका कार्डात नाही, ते तशीच दोन लावून येत नाही.

तो थोडा नाराज झाला. "मग एवढे पैसे साठवून काय उपयोग?" मी म्हटलं, पैसे कुठे गेलेत? आधी अडतंय कुठे ते बघूया. तपासलं तर व्हॅलोरंट खेळताना कार्ड निम्मंच वापरलं जात होतं आणि रॅमची ८ जीबीची एकच स्टिक काठोकाठ भरलेली होती. सायबरपंक २०७७ ची तर किमान गरजच आता १२ जीबी रॅमची आहे. त्याने ८ जीबीची अजून एक स्टिक टाकली. व्हॅलोरंटमधले झटके थांबले, बाकीचे पैसे शिल्लक राहिले. इंडियाना जोन्ससाठी मात्र कार्ड बदलावंच लागेल, त्यासाठी आता तो साठवतोय.

तुम्ही घरी हे तपासा

१. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना? मदरबोर्डला लावली असेल तर कार्डाचा पूर्ण फायदा मिळत नाही. हसू नका, हे खूप ठिकाणी सापडतं.

२. व्हीसिंक आणि एफपीएस लिमिट बंद करा. एमएसआय आफ्टरबर्नर लावून गेम चालवा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर अडथळा कार्डाचा आहे. ६०-७० टक्क्यांवर असेल तर कार्ड दुसऱ्या कशाची तरी वाट बघतंय.

३. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करा. एफपीएस उड्या मारून वाढले तर कार्ड कमी पडतंय. तेवढेच राहिले तर बहुधा प्रोसेसर कमी पडतोय, मग कार्ड कितीही भारी घ्या, उपयोग नाही.

४. टास्क मॅनेजरमध्ये रॅम बघा. भरलेली असेल किंवा एकच स्टिक असेल तर तिथून सुरुवात करा.

५. अडथळा कार्डाचाच निघाला तर जुनं विका, त्यात साठवलेले पैसे घाला आणि एकच जास्त ताकदीचं घ्या. घेण्याआधी कॅबिनेटमध्ये लांबी बसते का, एसएमपीएस पुरेल का, हे बघा. सेकंडहँड असेल तर विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास गेम चालवून तापमान बघा.

दुसरं कार्ड कुठे कामाला येतं?

ब्लेंडरमध्ये थ्रीडी रेंडरिंग करत असाल तर सायकल्स इंजिन दोन कार्डं व्यवस्थित वापरतं. घरच्या कॉम्प्युटरवर एआय मॉडेल चालवत असाल तर मॉडेलचे भाग दोन कार्डांच्या मेमरीत विभागता येतात. इथे कामाचे तुकडे वेगळे करता येतात, म्हणून जमतं.

गेमिंगमध्ये एक छोटा अपवाद आहे. स्टीमवर लॉसलेस स्केलिंग नावाचं पेड ॲप मिळतं. त्यात मुख्य कार्ड गेम काढतं आणि दुसरं कार्ड मधल्या फ्रेम तयार करून घालतं. घरात जुनं कार्ड पडून असेल आणि एसएमपीएस चांगला असेल तर गंमत म्हणून करून बघा. पण त्या फ्रेम तयार केलेल्या असतात, त्यामुळे माउसचा रिस्पॉन्स सुधारत नाही. व्हॅलोरंटसारख्या गेमला याचा फायदा नाही.

आणि विजेचं विसरू नका. १२५ वॉटचं कार्ड रोज चार तास पूर्ण लोडवर चाललं तर महिन्याला १५ युनिट होतात. बिल घरचे भरत असले तरी हिशोब तुम्हाला माहीत हवा.

तर ॲडव्हान्स देण्याआधी अर्धा तास काढा आणि वरची तपासणी करा. तुमचं कार्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस खाली कमेंटमध्ये लिहा, नक्की कुठे अडतंय ते मिळून शोधूया.