दुकान आपलं, नाव दुसऱ्याचं

नोकरी सोडून स्वतःचं काही करू पाहणाऱ्या अनेकांना चहा-नाश्त्याच्या एखाद्या नावाजलेल्या ब्रँडची फ्रँचायझी हा खात्रीचा मार्ग वाटतो. गाळा आपला, भांडवल आपलं, कर्जही आपल्याच नावावर. मग मालक आपणच. हे अर्धंच खरं आहे. पाटी, पदार्थ, दर, माल कुणाकडून घ्यायचा हे बहुतेक वेळा कंपनी ठरवते. म्हणजे जोखीम मालकाची आणि शिस्त नोकरीतली. ही जागा वाईट नाही, पण ती ओळखूनच घ्यावी.

या शिस्तीला अर्थ आहे. पुण्यात आवडलेली चव साताऱ्यातही मिळेल, या भरवशावर गिऱ्हाईक आत येतं. एकाने हलका माल वापरला की सगळ्यांचं नाव खराब होतं. तरी नव्या कल्पना पुष्कळदा गल्ल्यावर बसणाऱ्यालाच सुचतात. मॅकडोनाल्ड्सचा बिग मॅक १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियातले फ्रँचायझीधारक जिम डेलिगाटी यांनी आणला, तोही कंपनीची परवानगी मिळवून. पुढच्याच वर्षी तो अमेरिकाभर पोहोचला. आपल्या करारात अशी सूचना करायला वाव आहे का, हे आधीच विचारून घ्यावं.

खरा ताण पैशात दिसतो. रॉयल्टी बहुधा नफ्यावर नसते, विक्रीवर असते. नमुन्यादाखल हिशेब मांडू. महिन्याची विक्री ४ लाख, कच्चा माल १ लाख ६० हजार, भाडं-पगार-वीज मिळून १ लाख ९० हजार. उरले ५० हजार. सहा टक्के रॉयल्टी २४ हजार, तिच्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२० रुपये. पाच टक्के जीएसटी आकारणाऱ्या हॉटेलवाल्याला या कराची वजावट मिळत नाही. हाती राहिले २१,६८० रुपये. आता विक्री फक्त दहा टक्क्यांनी घसरली, तर कच्चा माल त्याच प्रमाणात कमी लागूनही, बाकी खर्च तेवढाच असल्याने हाती ५१२ रुपये राहतात. कर्जाचा हप्ता अजून जायचाच आहे. कंपनीला मात्र रॉयल्टीचे २१,६०० रुपये मिळतातच.

अमेरिकेत करारावर सही होण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला आपली सविस्तर माहिती लेखी द्यावी लागते. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. मुख्य आधार १८७२ च्या करार कायद्याचा. म्हणून करारनाम्याचा कागद हीच आपली ढाल. कंपनी शेजारच्या चौकात दुसरी शाखा देणार नाही, हे त्यात लिहिलेलं आहे का? माल बाजारभावापेक्षा महाग पडला तर काय? मुदतीआधी बाहेर पडायचं तर डिपॉझिट परत मिळेल का? करार चालू असताना स्पर्धक धंदा करू नये, ही अट रास्त धरता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोलाच्या खटल्यात म्हटलं. करार संपल्यावरही तोच धंदा करायचा नाही, ही अट मात्र करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. कंपनीचं नाव आणि व्यवसायातली गुपितं अर्थातच वापरता येत नाहीत.

सहीची घाई करू नये. करारनामा आपल्या वकिलाला दाखवावा, चालू शाखा चालवणाऱ्यांशी बोलावं आणि शाखा बंद केलेल्या एकाला तरी गाठावं. गाळ्याचा भाडेकरार शक्यतो स्वतःच्या नावावर ठेवावा. उद्या पाटी उतरली तरी जागा, कामाची माणसं आणि अनुभव आपल्यापाशी उरतील, अशी तजवीज ज्याने केली, त्यालाच कंपनीचे नियम निर्धास्तपणे पाळता येतात.