इंग्रजीतील दुभंग वाक्य : अर्थ आणि उपयोग

'इट वॉज जॉन हू ब्रोक द विंडो' या धर्तीच्या वाक्याचे विवेचन इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत बहुधा 'जोर देण्याचा एक प्रकार' एवढ्यावरच आटोपलेले असते. हा खुलासा चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. केवळ जोरच द्यावयाचा तर 'जॉन' या शब्दावर आघात देऊन 'जॉन ब्रोक द विंडो' असे म्हटले तरी भागते. मग भाषेने त्यासाठी एक स्वतंत्र वाक्यरचना का बाळगावी, हा खरा प्रश्न आहे.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनॅलिटिक सिंटॅक्स' या ग्रंथात या रचनेला 'क्लेफ्ट सेंटेन्स' म्हटले. एका विधानाचे येथे दोन भाग पडतात, म्हणून मराठीत तिला 'दुभंग वाक्य' म्हणता येईल. पहिल्या भागात 'इट', 'बी' या क्रियापदाचे रूप आणि एक पद असते. या पदास लक्ष्यपद म्हणू. दुसऱ्या भागात 'हू' किंवा 'दॅट' यांनी सुरू होणारे उपवाक्य असते.

वाक्य दुभंगते तसा अर्थही दुभंगतो. 'कोणीतरी खिडकी फोडली' हा अर्थ गृहीत धरला जातो आणि 'ती व्यक्ती जॉन होय' एवढेच विधान केले जाते. नकाराच्या कसोटीवर हा भेद स्पष्ट होतो. 'जॉन डिडन्ट ब्रेक द विंडो' या वाक्यावरून खिडकी फुटली की नाही, हे निश्चित होत नाही. उलट 'इट वॉजन्ट जॉन हू ब्रोक द विंडो' असे म्हणताच खिडकी फुटल्याचे मान्य होते; वाद उरतो तो फक्त फोडणाऱ्याविषयी. प्रश्नार्थक रूपातही हे गृहीत अबाधित राहते. लेखनात आघात दिसत नाही. तेथे हे काम रचनेलाच करावे लागते.

दुभंग वाक्यातून 'जॉननेच, इतर कोणी नव्हे' अशी एकमेवताही सूचित होते. परंतु ती विधानाचा भाग नव्हे, असे लॉरेन्स हॉर्न यांनी १९८१ मध्ये प्रतिपादन केले. जॉनबरोबर पीटरचाही हात होता, एवढ्याच कारणावरून 'इट वॉजन्ट जॉन' असे कोणी म्हणत नाही. म्हणजे नकार लागतो तो जॉनला. त्याच्या एकटेपणाला नव्हे.

मराठी अनुवादकाची अडचण नेमकी येथे सुरू होते. दुभंग वाक्य दिसताच 'च' लावण्याची सवय सार्वत्रिक आहे. 'खिडकी जॉननेच फोडली' हे होकारार्थी वाक्य खपून जाते. पण नकारात घोटाळा होतो. 'खिडकी जॉननेच फोडली असे नाही' याचा सहज अर्थ जॉनखेरीज आणखी कोणी असू शकेल असा होतो. जॉन त्यातून सुटत नाही. इंग्रजी वाक्य मात्र जॉनला पूर्णपणे वगळते. एखाद्या साक्षीच्या अनुवादात हा फरक किती महाग पडेल, हे सांगावयास नको. 'च' नकाराच्या कक्षेत सापडतो आणि नाकारली जाते ती एकमेवता, हे या घोटाळ्याचे कारण होय.

वास्तविक मराठीजवळ अधिक जवळची रचना आहे : 'खिडकी फोडली ती जॉनने.' येथे क्रिया आधी येऊन गृहीत बनते आणि कर्ता लक्ष्यपदाच्या जागी बसतो. 'खिडकी फोडली ती जॉनने नव्हे' हा नकारही इंग्रजीप्रमाणेच जॉनला वगळून खिडकी फुटल्याचे कायम ठेवतो. इंग्रजीतील 'इट' बदलत नाही. मराठीतील सर्वनाम मात्र 'आरसा फोडला तो', 'भांडे फोडले ते' असे लिंगवचनानुसार बदलते.

तथापि प्रत्येक दुभंग वाक्यास हा एकच साचा लागू पडत नाही. एलन प्रिन्स यांनी १९७८ मध्ये एका दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष वेधले. 'इट वॉज इन १९२८ दॅट फ्लेमिंग नोटिस्ड द इफेक्ट ऑफ द मोल्ड' या वाक्यात वाचकास नवी असलेली माहिती उपवाक्यातच असू शकते. लेखक ती नव्याने मांडत नाही. सर्वमान्य वस्तुस्थिती म्हणून पुढे ठेवतो. इतिहासलेखनात ही रचना म्हणूनच सोयीची ठरते. तिच्या अनुवादात '१९२८ मध्येच' असे लिहिल्यास नसलेला वाद निर्माण होतो. '१९२८ मध्ये बुरशीचा परिणाम फ्लेमिंग यांच्या लक्षात आला' हे साधे वाक्यच तेथे योग्य होय.

'व्हॉट'ने सुरू होणारी भगिनीरचना वेगळी आहे. 'व्हॉट जॉन ब्रोक वॉज द विंडो' यात गृहीत भाग प्रथम येतो. म्हणून तो श्रोत्याच्या मनात त्या क्षणी उपस्थित असावा लागतो, असे प्रिन्स यांचे निरीक्षण आहे. शिवाय 'व्हॉट जॉन डिड वॉज ब्रेक द विंडो' याप्रमाणे क्रियाही लक्ष्यस्थानी येऊ शकते. प्रमाण इंग्रजीतील 'इट'च्या रचनेस हे सहसा साधत नाही.

दुभंग वाक्याचे सामर्थ्य आणि धोका या दोहोंचे मूळ एकच आहे. 'विद्यार्थ्यांचे नुकसान करते ती परीक्षा' असे कोणी म्हटले की श्रोता परीक्षेच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलू लागतो. परंतु नुकसान खरोखरच होते काय, हा प्रश्न विचारण्यापूर्वीच निकालात निघालेला असतो. इंग्रजी असो वा मराठी, अशा वाक्याचा अभ्यास करताना जोर कोठे आहे हे पाहून थांबू नये. वाक्याने काय न सांगता मान्य करून घेतले, हे प्रथम शोधावे.