लघु सीएनसी यंत्रातील आरंभस्थान-निश्चिती : लिमिट स्विच आणि संवेदकविरहित पद्धती

प्रास्ताविक

संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड, प्लॅस्टिक अथवा ॲल्युमिनियम कोरणारी छोटी सीएनसी यंत्रे हौशी कारागीर स्वतः बांधू लागले आहेत. २००९ साली सुरू झालेल्या ‘जीआरबीएल’ या मुक्त आज्ञावलीमुळे अशी यंत्रे आर्डुइनोसारख्या स्वस्त नियंत्रकावर चालविणे शक्य झाले. या यंत्रांतील बहुतेक स्टेपर मोटर ‘किती पावले टाकावयाची’ एवढेच जाणतात. आपण प्रत्यक्षात कोठे आहोत, याचे ज्ञान त्यांना नसते. म्हणून यंत्र सुरू करताच प्रत्येक अक्ष एका ठरावीक टोकाशी नेऊन तेथून मोजणी आरंभावी लागते. यालाच होमिंग म्हणतात. त्याच्या दोन प्रचलित पद्धतींचा तौलनिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुनरावृत्तीचे महत्त्व

वर्कपीसवरील शून्यबिंदू हा यंत्राच्या आरंभस्थानापासूनचे अंतर म्हणून नियंत्रकाच्या स्मृतीत साठविला जातो. काम अर्धवट असताना वीज गेली, तर पुन्हा होमिंग करून तोच बिंदू गाठता येतो. मात्र आरंभस्थान प्रत्येक वेळी तेच मिळाले पाहिजे. ते सरकले तर उरलेले कोरीवकाम तेवढेच सरकते आणि माल वाया जातो. म्हणून होमिंगचा खरा निकष पुनरावृत्तीची अचूकता हा होय.

लिमिट स्विचची पद्धती

अक्षाच्या टोकाशी बसविलेला छोटा स्विच सरकत्या भागाने दाबला गेला की नियंत्रकास संकेत मिळतो. जीआरबीएलमध्ये अक्ष प्रथम वेगाने स्विचपर्यंत जातो, किंचित मागे येतो आणि पुन्हा मंद गतीने स्विच गाठतो. मूळ मांडणीत हे वेग अनुक्रमे मिनिटास ५०० व २५ मिमी असून शेवटी अक्ष १ मिमी मागे घेतला जातो. मंद गतीच्या दुसऱ्या स्पर्शामुळे नोंद अधिक स्थिर होते.

या पद्धतीचे दोष मुख्यतः जोडणीचे आहेत. स्पिंडल व मोटरच्या तारांतील विद्युत-गोंगाटामुळे खोटे संकेत येऊ शकतात. भुसा वा धातूचा कीस स्विचमध्ये अडकू शकतो. त्यावर आच्छादित तार व संरक्षक झाकण हे उपाय आहेत. स्विच ‘सामान्यतः बंद’ प्रकारे जोडल्यास तार तुटताच तो दाबल्याचा संकेत मिळतो आणि यंत्र थांबते. शिवाय हाच स्विच काम चालू असताना अक्षास मर्यादेबाहेर जाण्यापासून रोखू शकतो.

संवेदकविरहित पद्धती

फिरत्या मोटरमध्ये विरोधी विद्युतदाब निर्माण होतो. मोटरवरील भार वाढत गेला की विद्युतप्रवाह व विरोधी दाब यांचा परस्परसंबंध बदलतो. हॅम्बुर्ग येथील ट्रिनॅमिक या संस्थेने विकसित केलेल्या टीएमसी २१३०, टीएमसी २२०९ यांसारख्या चालक-चिप हा बदल मोजतात. अक्ष टोकाच्या आधारावर आदळून अडला की संकेत दिला जातो. २०१७ साली आलेल्या ‘प्रूसा एमके ३’ या त्रिमिती मुद्रकात एक्स व वाय अक्षांसाठी हीच पद्धती वापरली गेली. झेड अक्षासाठी मात्र स्वतंत्र संवेदक ठेवला गेला.

स्विच व तारा वाचतात, हा या पद्धतीचा लाभ. परंतु विरोधी दाब वेगावर अवलंबून असल्याने अतिमंद गतीस मापन भरवशाचे राहत नाही. म्हणजे मंद दुसऱ्या स्पर्शाचा लाभ येथे मिळत नाही. संकेताची सीमा वेग, प्रवाह व घर्षण यांनुसार ठरवावी लागते. ती अतिसंवेदनशील ठेवल्यास वाटेतील घर्षणालाच ‘टोक’ समजले जाते. बोथट ठेवल्यास मोटर धडक देत राहते.

अडथळ्याची नोंद दर वेळी थोड्या वेगळ्या क्षणी होऊ शकते. दर फेऱ्यास २०० पावलांची मोटर व ४० मिमी सरकविणारा पट्टा असेल, तर एका पूर्ण पावलाचा फरक ०.२ मिमी होतो; ८ मिमी सरकविणाऱ्या स्क्रूवर तो ०.०४ मिमी असतो. तथापि स्क्रूमुळे रेटा कितीतरी पटींनी वाढत असल्याने धडकेचा ताण यंत्राच्या सांगाड्यावर अधिक येतो.

निष्कर्ष

हलका, पट्ट्यावर चालणारा व कापण्याचा भार नसलेला मुद्रक किंवा आरेखक यंत्र यांस संवेदकविरहित पद्धती पुरेशी ठरते. स्क्रूवर चालणाऱ्या, जड स्पिंडलच्या कोरीवयंत्रास, विशेषतः जेथे अर्धवट काम पुन्हा सुरू करावे लागते तेथे, लिमिट स्विचच श्रेयस्कर होय. अंतिम निर्णय मापनानेच व्हावा: डायल गेज लावून किमान दहा वेळा होमिंग करावे आणि वाचनांतील कमाल व किमान यांतील फरक नोंदवावा. हा फरक कामास चालणाऱ्या तफावतीपेक्षा कमी असेल, तरच ती पद्धती त्या यंत्रापुरती ग्राह्य मानावी. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठीही हा प्रयोग उपयुक्त आहे.