टोपणनाव, निनावी आणि वॉचमनची वही

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तसा छोट्या जगातला आहे. जुने रेडिओ दुरुस्त करणारे, गच्चीत भाजी लावणारे, गड चढणारे, पक्षी बघणारे अशी माणसं इंटरनेटवर एकत्र जमतात. बहुतेकांना एकमेकांची खरी नावं माहीत नसतात आणि त्यावाचून काही अडतही नाही. अडतं ते कुणीतरी त्रास द्यायला लागल्यावर. मग पहिला प्रश्न येतो, "हा आहे तरी कोण?" मला आज या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे, कारण आम्ही त्याचं उत्तर शोधायला गेलो आणि फसलो.

मी व्हॉल्व्हच्या रेडिओंची आवड असलेल्या लोकांचं एक लहानसं संकेतस्थळ सांभाळतो. आम्ही तिघं ॲडमिन. सदस्य साडेतीनशेच्या आसपास. काही वर्षांपूर्वी एका ताईंनी सासऱ्यांचा बंद पडलेला रेडिओ स्वतः दुरुस्त करून त्याचे फोटो टाकले. सगळ्यांनी कौतुक केलं. दोन दिवसांनी एक नवीन नाव उगवलं. आधी "सोल्डरिंग बघून हसू आलं", मग "बायकांनी मिक्सर दुरुस्त करावा", मग रात्री-अपरात्री खासगी निरोप. त्यातल्या एका निरोपात त्यांच्या घरासमोरच्या दुकानाचा उल्लेख होता. तिथे ताई घाबरल्या आणि आम्हीही.

आम्ही नोंदी उघडल्या. प्रत्येक संदेशासोबत पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता आमच्याकडे राहतो. त्या नव्या नावाचा पत्ता आमच्या एका जुन्या सदस्याच्या पत्त्याशी तंतोतंत जुळला. हे गृहस्थ सत्तरीचे, बोलायला फटकळ. जुने कागदी कपॅसिटर बदलावेत की नाही यावरून ताईंशी त्यांचा वाद झालेला. म्हणजे कारण होतं, स्वभाव होता, पत्ता जुळत होता. आम्ही त्यांना काढून टाकलं. आणि नुसतं काढलं नाही, का काढलं ते त्यांच्या नावासकट सगळ्यांना सांगितलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "मी नाही. पण ठीक आहे." हा माणूस गरजूंना पदरच्या पैशानं पोस्टानं व्हॉल्व्ह पाठवायचा, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

महिनाभरानं दुसऱ्याच कामासाठी नोंदी चाळताना तोच आयपी पत्ता मला आणखी एका नावासमोर दिसला. ते नाव माझं होतं. लोकलमधून मोबाइलवर मी काहीतरी लिहिलं होतं, त्याची नोंद.

हे कसं झालं ते समजून घेऊ, कारण सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. आयपी पत्ता म्हणजे माणसाचा पत्ता, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपी आवृत्ती 4 चे पत्ते जगात एकूण सुमारे 429 कोटी. फोन, संगणक, टीव्ही मिळून उपकरणं त्याहून कितीतरी जास्त. मग मोबाइल कंपन्या काय करतात, तर शेकडो ग्राहकांना बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता वापरायला देतात. मोठ्या हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घ्या. आत पाचशे फ्लॅट, पण गेट एकच. बाहेरच्या माणसाला फक्त गेट दिसतं. आत कोण गेलं, कुठल्या फ्लॅटमध्ये गेलं, हे वॉचमनच्या वहीत असतं. इथे वॉचमन म्हणजे मोबाइल कंपनी. तिच्या वहीत पत्त्यासोबत पोर्ट क्रमांक असतो आणि अगदी सेकंदापर्यंतची वेळ असते. आमच्या नोंदीत पोर्ट क्रमांक नव्हताच. म्हणजे आम्हाला फक्त सोसायटीचं नाव कळलं होतं आणि त्यावरून आम्ही फ्लॅट नंबर 304 च्या दारावर पाटी लावून मोकळे झालो होतो.

बरं, वॉचमनची वही मिळाली तरी ती फ्लॅटपर्यंत नेते, माणसापर्यंत नाही. सिमकार्ड वडिलांच्या नावावर, फोन मुलाच्या हातात, हॉटस्पॉट शेजाऱ्याला दिलेला. आपल्याकडे हे घरोघरी चालतं.

मग काहीजण म्हणतात, लिहिण्याच्या शैलीवरून ओळखा. हे अगदीच खोटं नाही. 2013 मध्ये 'रॉबर्ट गॅलब्रेथ' या नावानं आलेली रहस्यकथा जे. के. रोलिंग यांची असल्याचा संशय आला, तेव्हा लंडनच्या 'संडे टाइम्स'नं तज्ज्ञांकडून मजकुराची संगणकावर तुलना करून घेतली. शब्दांची लांबी, सतत येणारे बारीकसारीक शब्द, शेजारी-शेजारी येणाऱ्या शब्दांच्या जोड्या, असं मोजून त्यांनी रोलिंगकडे बोट दाखवलं. पण लक्षात घ्या, त्यांच्याकडे आख्खी कादंबरी होती आणि संशयित मूठभर. शिवाय मूळ बातमी फुटली ती संगणकामुळे नाही, वकिलाच्या ओळखीतल्या कुणीतरी बोलून गेल्यामुळे. गुपितं बहुधा अशीच फुटतात! 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एक लाख ब्लॉगलेखकांमधून नेमका लेखक शोधायचा प्रयत्न झाला. यंत्राचा पहिला अंदाज बरोबर आला वीस टक्क्यांहून थोड्या जास्त वेळा. संशोधन म्हणून ही मोठी मजल आहे. कुणाला हाकलायचं ठरवण्यासाठी मात्र तो जुगार आहे. आमच्याकडे तर चार-चार ओळींचे निरोप होते, तेही मोबाइलच्या कीबोर्डनं सुचवलेल्या शब्दांत लिहिलेले. तो कीबोर्ड सगळ्यांचं शुद्धलेखन सारखंच करून टाकतो, चांगलं किंवा वाईट.

आता साहजिक प्रश्न येतो. एवढं कशाला, सगळ्यांना खऱ्या नावानंच लिहायला लावा ना! हा प्रयोग एका आख्ख्या देशानं करून पाहिला आहे. दक्षिण कोरियात 2007 पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी ओळख पटवणं कायद्यानं सक्तीचं होतं. 2011 च्या जुलैत तिथल्या दोन लोकप्रिय सेवांवर हल्ला झाला आणि सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्याच पाच कोटी, म्हणजे विचार करा. ऑगस्ट 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं हा कायदा एकमतानं रद्द केला. बेकायदा मजकूर लक्षणीय कमी झाल्याचं दिसत नाही, लोक परदेशी संकेतस्थळांकडे वळले, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

छंदाच्या जगातलंच उदाहरण हवं असेल तर 2010 च्या जुलैतलं आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीनं जाहीर केलं की खेळाडूंच्या चर्चेत यापुढे प्रत्येकाचं खरं नाव दिसेल. हेतू चांगला होता, शिवीगाळ कमी व्हावी. त्यात काही धोका नाही हे दाखवायला कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानं स्वतःचं नाव जाहीर केलं, आणि लोकांनी बघता बघता त्याची खासगी माहिती खणून काढली. तीन दिवसांत कंपनीनं निर्णय मागे घेतला. खेळणाऱ्या मुलींचं, बायकांचं म्हणणं सरळ होतं. नाव दिसलं की त्रास देणाऱ्याला आमचं घर सापडेल. आमच्या ताईंच्या बाबतीत धोका हाच होता. नाव उघड करायची सक्ती आधी त्यांच्यावर पडली असती, त्यांना छळणाऱ्यावर नाही.

आमच्यात काही हॅम रेडिओवाले आहेत, ते लगेच म्हणाले, "आमच्याकडे बघा, सगळं उघड असतं." खरं आहे. भारतात हॅमसाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो, 'व्हीयू'नं सुरू होणारं स्वतःचं संकेतनाम मिळतं, आणि बोलताना ते सांगावंच लागतं. मी त्यांना विचारलं, मग फ्रिक्वेन्सीवर मुद्दाम खरखर करणारा माणूस संकेतनाम सांगून खरखर करतो का? हसले. नियम पाळणारेच नाव सांगतात. असा माणूस शोधायला ते दिशा दाखवणारे अँटेना घेऊन निघतात, दोन-तीन ठिकाणांहून रेषा काढतात, त्या जिथे छेदतात तिथे ट्रान्समीटर. लहरीला खरंच एक उगम असतो. आयपी पत्त्याचं तसं नाही, हे मघाशी पाहिलं.

इथे आपल्या भाषेतला एक चांगला भेद कामाला येतो. टोपणनाव वेगळं आणि निनावी वेगळं. 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात शतपत्रं लिहिणारे 'लोकहितवादी' म्हणजे गोपाळ हरी देशमुख. सरकारी नोकरीतला माणूस स्वतःच्या समाजावर कोरडे ओढत होता, तेव्हा नावाची ढाल लागलीच. 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' साहित्यिकांची टोपी उडवायचा, तो जयवंत दळवींचा. या नावांना मागचा इतिहास होता, वाचक होते, पत होती, म्हणजेच गमावण्यासारखं काहीतरी होतं. काल रात्री उगवलेल्या आणि उद्या टाकून द्यायच्या नावाला असं काहीच नसतं. त्रास बहुतेक वेळा तिथून येतो.

आणि खऱ्या नावानं लिहिणारा सुरक्षित असतो असंही नाही. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या साध्या मतावरून अटक झाली होती. त्यानंतर उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द केलं. एवढ्यावरूनही माणसं टोपणनाव का घेतात ते कळतं.

तर आम्ही काय केलं? 'कोण आहे' हा प्रश्न सोडून दिला आणि 'थांबवायचं कसं' हा धरला. नव्या सदस्याचे पहिले दहा संदेश ॲडमिननं वाचल्याशिवाय दिसत नाहीत. खासगी निरोप पाठवायची सोय महिनाभरानंतर मिळते. नको असलेल्या माणसाचे निरोप बंद करायचं बटण ठळक केलं. यात काही मोठं तंत्रज्ञान नाही. नवीन लोकांना थोडा कंटाळा येतो, दोघं-तिघं रागावून गेलेही. पण त्या प्रकारचा त्रास थांबला. तो माणूस कोण होता, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही.

म्हणजे ओळख कधीच शोधू नये का? शोधावी, पण ज्याच्या हातात वॉचमनची वही मागायचा अधिकार आहे त्यानं. धमकी, पाठलाग हा गुन्हा आहे, आणि निनावी धमकीचा विचार आपल्या कायद्यानं इंटरनेटच्या फार आधी केलेला आहे. 1860 च्या दंड संहितेत कलम 507 होतं. नाव लपवून धमकी दिली तर मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद. आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये आहे. दिवाणी दाव्यातही नाव माहीत नसलं म्हणून अडत नाही. आपली न्यायालयं अज्ञात प्रतिवादीला 'अशोक कुमार' म्हणून आदेश काढतात. अशोक कुमार नावाच्या सज्जनांनी मनाला लावून घेऊ नये.

इथे आमची दुसरी चूक सांगतो, ती पहिलीपेक्षा महाग पडली असती. रागाच्या भरात आम्ही त्या नव्या नावाचं खातं आणि त्याचे सगळे संदेश पुसून टाकले. ताई पोलिसांकडे गेल्या असत्या तर आमच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. 2021 च्या नियमांनुसार खातं रद्द झाल्यावरही नोंदणीची माहिती 180 दिवस जपून ठेवायची असते, आणि अधिकृत यंत्रणेचा लेखी आदेश आला तर 72 तासांच्या आत द्यायची असते. लपवा, पण पुसू नका.

वेळ झाली आहे. दोन प्रश्न घेतो.

प्रश्न: त्या काकांचं पुढे काय झालं?

मी त्यांच्या घरी गेलो. माफी जिथे आरोप केला होता तिथेच, त्याच ठळक अक्षरात लावली. त्यांनी चहा दिला, एक जुना मर्फी दाखवला, तासभर बोलले. परत मात्र आले नाहीत. आणि खरं सांगायचं तर ते नव्हतेच, हेही आम्ही सिद्ध करू शकलो नाही. आमच्याकडे पुरावाच नव्हता, एवढंच सिद्ध झालं. लोकांच्या मनात काय राहिलं असेल ते मी पुसू शकत नाही.

प्रश्न: मला कुणी असा त्रास दिला तर पहिली गोष्ट काय करायची?

उत्तर देऊ नका, पण निरोप पुसूही नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ आणि वर पानाचा पूर्ण पत्ता दिसू द्या. वेळ महत्त्वाची आहे, वॉचमनच्या वहीत त्याशिवाय काही सापडत नाही. ॲडमिनला लेखी कळवा आणि नोंदी जपून ठेवायला सांगा. धमकी असेल, घराचा उल्लेख असेल, तर थांबू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. आणि घरात कुणाला तरी सांगा. आमच्या ताईंनी दोन आठवडे कुणालाच सांगितलं नव्हतं.