सायकल एकट्याची, शाबासकी सगळ्यांची

घरातली माणसं साखरझोपेत असताना पुण्यातले हौशी सायकलपटू सिंहगडाच्या घाटाला भिडलेले असतात. बघायला कुणी नसतं, टाळ्या वाजवायला तर नाहीच. घरी परतल्यावर मात्र चहाआधी मोबाइल हाती घेतला जातो. किती किलोमीटर, किती चढ, किती वेळ, सगळा हिशेब नकाशासकट मित्रांना कळवायचा असतो!

घरच्यांना हा बडेजाव वाटतो. थोडा असतोही. पण क्रिकेटला प्रेक्षक असतात, धावफलक असतो. सायकलस्वाराच्या घामाला साक्षीदार कोण? २०० किलोमीटरच्या 'ब्रेव्हे'त साडेतेरा तासांत अंतर कापताना वाटेतल्या ठाण्यांवर हजेरीचा पुरावा घ्यावा लागतो, तो याचसाठी. २००९ मध्ये सुरू झालेल्या 'स्ट्राव्हा'ने अशी नोंद रोजच्या फेरीलाही मिळवून दिली. ठरावीक टप्प्यावरची आपली वेळ इतरांशी आणि आपल्याच कालच्या वेळेशी ताडून पाहता येते. आज मित्राने दिलेली शाबासकी उद्या पहाटे अंथरुणातून उठवते.

मात्र थोडं सावध राहायला हवं. जानेवारी २०१८ मध्ये याच अ‍ॅपच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या. तुमची फेरी तर घराच्या दारातूनच सुरू होते! म्हणून सेटिंगमध्ये जाऊन फेरीचा आरंभ आणि शेवट झाका, नोंद ओळखीच्यांपुरती ठेवा. उतारावर विक्रमाच्या मागे लागू नका.

आणि घरच्यांनो, उद्या त्याने किंवा तिने मोबाइल पुढे केला, तर नाक मुरडू नका. "चढ फार होता का?" एवढं जरूर विचारा.