तपासणीच्या खोलीतले पुस्तक

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलेल्या आजीला नातवाच्या सहाव्या महिन्याच्या तपासणीत एक अनपेक्षित दृश्य दिसू शकते. डॉक्टर आत येतात, ख्यालीखुशाली विचारतात आणि छाती-पोट तपासण्याआधीच बाळाच्या हातात जाड पुठ्ठ्याच्या पानांचे एक चित्रमय पुस्तक देतात. बाळ ते तत्काळ तोंडात घालते. आजी ओशाळून पुस्तक काढून घेऊ लागते, तर डॉक्टर तिला थांबवतात. सहा महिन्यांच्या मुलाने पुस्तक चाखायचेच असते.

दिवाळीत गिऱ्हाइकाला द्यावी तशी ही सदिच्छा भेट नव्हे. तो तपासणीचाच एक भाग आहे, आणि त्यामागे तीन दशकांहून अधिक काळाचा अनुभव आहे.

या पद्धतीचा आरंभ १९८९ साली बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये झाला. शहरातील गोरगरीब कुटुंबे जेथे उपचारासाठी येत, असे हे सार्वजनिक रुग्णालय. आज ते बॉस्टन मेडिकल सेंटरचा भाग आहे. बालरोगतज्ज्ञ डॉ. बॅरी झकरमन, त्यांचे तरुण सहकारी डॉ. रॉबर्ट नीडलमन आणि बालशिक्षणतज्ज्ञ कॅथलीन फिट्झगेराल्ड राइस यांच्या पुढाकाराने तेथील प्रतीक्षालयात मुलांसाठी पुस्तके ठेवण्यात आली. ती पुस्तके हळूहळू नाहीशी होऊ लागली. एखाद्या व्यवस्थापकाने कपाटाला कुलूप लावले असते. या मंडळींनी त्याचा अर्थ निराळा लावला: ज्या घरांत मुलांचे एकही पुस्तक नाही, तेथे ते हवे आहे. मग पुस्तके उघडपणे द्यायचे ठरले, आणि तीही डॉक्टरांच्या हातून. ‘रीच आउट अँड रीड’ या नावाने हा उपक्रम पुढे देशभर पसरला. आज अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक दवाखाने आणि रुग्णालये त्यात सहभागी आहेत.

डॉक्टरच का? ग्रंथालय आहे, शाळा आहे, समाजमंदिर आहे. पण ग्रंथालयात ज्यांना जायचे तेच जातात, आणि शाळा सुरू होईपर्यंत भाषेच्या दृष्टीने अत्यंत मोलाची वर्षे उलटून गेलेली असतात. बालरोगतज्ज्ञाकडे मात्र लसीकरणासाठी आणि वजन-उंचीच्या नोंदीसाठी सर्वांनाच जावे लागते. सहा महिने ते पाच वर्षे या काळात अमेरिकेत अशा सुमारे दहा नियमित भेटी ठरलेल्या असतात. प्रत्येक भेटीला एक पुस्तक धरले, तरी शाळेत पाऊल टाकताना मुलाच्या घरी स्वतःची दहाएक पुस्तके जमतात. शिवाय डॉक्टरांच्या शब्दाला वजन असते. जे वाक्य शेजाऱ्याने सांगितले तर आगाऊपणा ठरावा, तेच डॉक्टरांनी सांगितले की औषधाच्या चिठ्ठीइतके गांभीर्याने घेतले जाते.

या पद्धतीतील सर्वांत कुशल भाग म्हणजे पुस्तक देण्याची वेळ. ते निरोप घेताना नव्हे, तर आल्याबरोबर द्यायचे, असे डॉक्टरांना शिकवले जाते. कारण पुस्तक हातात आले की मूल आपोआप स्वतःची परीक्षा देऊ लागते. नऊ-दहा महिन्यांचे मूल पान धरताना अंगठा आणि तर्जनीची चिमटी करते का? वर्षाचे मूल पुठ्ठ्याचे पान उलटू पाहते का? दीड वर्षाचे मूल कुत्र्याच्या चित्रावर बोट ठेवते का, आणि बोट ठेवून आईच्या चेहऱ्याकडे पाहते का? ही शेवटची गोष्ट अनुभवी बालरोगतज्ज्ञ फार बारकाईने पाहतात. मूल कशाकडेच बोट दाखवत नसेल, नाव घेतले तरी वळत नसेल, तर श्रवणाची आणि विकासाची पुढील तपासणी लवकर करता येते. दोन वर्षांच्या मुलाला उलटे दिलेले पुस्तक सुलटे करता येते आणि कागदी पाने एकेक करून उलटता येतात. तीन वर्षांचे मूल तर डॉक्टरांनाच गोष्ट सांगू लागते. ‘तुमचा मुलगा बोलतो का?’ या प्रश्नाला आईकडून मिळणाऱ्या ‘हो, बोलतो की’ या उत्तरापेक्षा ही दोन मिनिटे अधिक सांगून जातात.

पाहिले जाते ते केवळ मुलाला नव्हे. पुस्तक उघडताच आई-वडील काय करतात, मांडीवर घेतात की हातातून काढून ‘फाडशील’ म्हणून पिशवीत ठेवतात, हेही कळते. अशा वेळी डॉक्टर उपदेश करीत नाहीत. ते स्वतः पुस्तक धरून, आवाज बदलून एक-दोन पाने वाचून दाखवतात. बघता बघता मूल शांत होते आणि वडील पुढे सरकतात.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. समोरच्या आईला स्वतःलाच वाचता येत नसेल तर? बॉस्टनच्या त्या रुग्णालयात असे पालक थोडे नव्हते. आईला सर्वांसमक्ष ‘वाचता येते का?’ असे विचारणे म्हणजे पुढच्या भेटीला तिला गमावणे. म्हणून सल्ल्याचे शब्दच बदलले गेले. ‘रोज वाचून दाखवा’ असे म्हणण्याऐवजी ‘रोज पुस्तक घेऊन बसा, चित्रांवर बोला, त्याला नावे विचारा’ असे सांगितले जाते. अक्षरे न ओळखणारी आजीही हे उत्तम करू शकते. कदाचित घाईतल्या पदवीधर बापापेक्षा उत्तम.

भाषेबाबतचा सल्लाही लक्षात घेण्याजोगा आहे. पुस्तके अनेक भाषांत आणि द्विभाषिक स्वरूपात दिली जातात, आणि घरात जी भाषा सहज बोलली जाते तिच्यातच मुलाशी बोलावे, असे डॉक्टर सांगतात. न्यू जर्सीतील असो वा पुण्यातील, ज्या व्यापारी घरात मारवाडी, गुजराती किंवा कच्छी बोलली जाते, दुकानात मराठी आणि शाळेत इंग्रजी, तेथे पहिला बळी घरच्या भाषेचा जातो. मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलण्याचा अट्टाहास त्याच्या इंग्रजीलाही उपकारक ठरत नाही.

या साऱ्याचा उपयोग होतो का? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या लहानशा अभ्यासात, दवाखान्यातून पुस्तक मिळालेल्या पालकांनी मुलासोबत पुस्तक पाहिल्याचे सांगण्याचे प्रमाण सुमारे चौपट आढळले. पुढील अभ्यासांत अशा मुलांची शब्दसंपत्तीही अधिक दिसून आली. बरेचसे पुरावे पालकांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टींवर आधारलेले आहेत, ही मर्यादा मान्य करावीच लागेल. तरीही २०१४ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, मुलांना वाचून दाखवण्यास प्रोत्साहन देणे हा बालरोगतज्ज्ञाच्या कर्तव्याचाच भाग असल्याचे धोरण जाहीर केले. इंग्लंडमध्ये १९९२ साली बर्मिंगहॅमच्या ३०० बाळांपासून ‘बुकस्टार्ट’ सुरू झाले होते. इटलीत १९९९ पासून बालरोगतज्ज्ञ आणि ग्रंथपाल मिळून असाच उपक्रम चालवतात.

अडचण नेहमीची, म्हणजे पुरवठ्याची. सल्ला फुकट देता येतो, पुस्तक देता येत नाही. ठोक खरेदीमुळे एकेका पुस्तकाचा खर्च फारसा नसतो, परंतु तो दर भेटीला, दर मुलामागे येतो. २०११ च्या सुमारास तेथील केंद्र सरकारच्या निधीला कात्री लागली, तेव्हा हा भार राज्ये, संस्था आणि स्थानिक देणगीदारांवर आला.

महाराष्ट्रात लसीकरणाच्या रांगा आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत, मराठी चित्रपुस्तकेही आहेत. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची पुस्तके सहज परवडतात, आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर ती विनामूल्य उतरवून छापताही येतात. भारतीय बालरोग अकादमीने २०२१ साली दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून पूर्णतः दूर ठेवण्याचा सल्ला दिला आहे. मात्र अनेक दवाखान्यांच्या प्रतीक्षालयांत भिंतीवर कार्टून चालू असते आणि मांडीवरच्या मुलाच्या हातात आईचा मोबाईल असतो.

नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस, सोळा ते चोवीस महिन्यांमधील वर्धक मात्रा आणि पाचव्या-सहाव्या वर्षीची त्रिगुणी लस: राष्ट्रीय वेळापत्रकातील या तीनच भेटी धरल्या, तरी एका मुलामागे तीन पुस्तके होतात. धर्मादाय रुग्णालयांतील बाके, पंखे आणि पाण्याच्या टाक्यांवर व्यापारी घराण्यांची नावे वाचायला मिळतात. त्याच नावाने पुस्तकांचे एक कपाट ठेवता येईल. वर्षअखेरीस ते रिकामे आढळले, तर वहीत ती रक्कम नुकसानीच्या खाती मांडू नये.