दारूनंतरचे दिवस (भाग ७) : गोडाची तलफ

दारू सुटून दोन-तीन आठवडे झाले की अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते. लग्नाच्या पंगतीत जिलबी शेजारच्याच्या ताटात सरकवणारा माणूस आता रात्री अकराला फ्रीज उघडून श्रीखंड खातो. चहात तीन चमचे साखर लागते, मुलांच्या खाऊचा डबा रिकामा होतो. मग बायको घाबरून विचारते, "एक सुटलं आणि दुसरं लागलं की काय यांना?"

नाही. सुरुवातीच्या महिन्यांत ही ओढ फार जणांना लागते आणि तिच्यामागे शरीराची स्वतःची कारणं असतात. त्या काळात साखरेवरून घरात भांडण काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येते.

आधी साधा हिशेब करू. एक ग्रॅम साखरेतून चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम अल्कोहोलमधून सात. व्हिस्की किंवा रमच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे रोज एक क्वार्टर पिणाऱ्याच्या पोटात चारशेहून जास्त कॅलरी, जवळपास चार पोळ्यांची ऊर्जा, नुसत्या बाटलीतून जात होती. तिच्यात ना प्रथिनं होती, ना जीवनसत्त्वं. पण ऊर्जा होती आणि ती एका दिवसात बंद झाली. जेवण मात्र तेवढंच तोकडं राहिलं, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याची वेळेवर जेवायची सवयच मोडलेली असते. अशा वेळी शरीर ऊर्जा मागतं आणि सगळ्यांत झटकन मिळते ती साखर.

दुसरं कारण यकृताचं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात रक्तातली साखर टिकवून धरणं हे त्याचं काम. थोडी साखर ते साठवून ठेवतं, साठा संपला की नवी तयार करतं. दारू पोटात असली की हे नवी साखर करण्याचं काम मंदावतं. म्हणूनच उपाशीपोटी भरपूर प्यायलेल्या माणसाची साखर कधी कधी जीवघेणी खाली जाते. दारू थांबल्यावर यकृत सावरायला लागतं, पण ते दुखावलेलं असेल तर साठा कमीच राहतो. त्यात दुपारी एकला जेवलेला माणूस रात्री नऊपर्यंत काही खात नसेल, तर संध्याकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, कारण नसताना चिडचिड होते.

या लक्षणांचा अर्थ त्याने इतकी वर्षं एकच लावलेला असतो: पेग हवा. वेळही तीच, सहा-सातची. आता तो घाबरतो, आपला निश्चय ढासळतोय असं त्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात त्याला भूक लागलेली असते. त्याला हे कोणी समजावून सांगितलेलंच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांमध्ये धोक्याच्या चार अवस्था सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. त्यात भूक पहिली आहे.

मेंदूचा भागही आहेच. दारू आणि गोड दोन्हींमुळे मेंदूतल्या सुखाच्या त्याच वाटा जाग्या होतात. डोपामाइन आणि शरीरात आपोआप तयार होणारी अफूसारखी रसायनं तिथे काम करतात. रोजचा मोठा मोबदला अचानक बंद झाला की मेंदू छोटा मोबदला शोधतो. अनुभवी माणसांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात १९३५ साली झाली आणि १९३९ मध्ये त्यांचं मूळ पुस्तक निघालं. त्याचं हस्तलिखित वाचलेल्या एका डॉक्टरांनी सुचवलं होतं, की दारू सोडलेल्या माणसाने थकव्याच्या वेळेसाठी चॉकलेट जवळ बाळगावं. पुस्तकात तो सल्ला आजही आहे.

मग करायचं काय? संध्याकाळी पाच-साडेपाचला पोटभर काहीतरी द्या. पोहे, उपमा, थालीपीठ-दही, मटकीची उसळ आणि पोळी. तलफ येण्याआधी द्या, आल्यावर नव्हे. खिशात चिक्की, राजगिऱ्याचा लाडू किंवा गूळ-शेंगदाणे असू द्यावेत. नुसत्या साखरेपेक्षा दाण्याबरोबरचं गोड जास्त वेळ टिकतं. खारे शेंगदाणे आणि शेव मात्र पहिले काही महिने घरात आणू नका. तो त्यांचा चखणा होता. वासानेच जुनी बैठक आठवते. रम घातलेला केक आणि लिकर भरलेली चॉकलेटंही नकोत.

चहा-बिस्किटांवर दिवस काढणं मात्र चालणार नाही. बरीच वर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं आणि साखर वापरायला शरीराला तेच लागतं. म्हणून रुग्णालयात अशा रुग्णाला ग्लुकोजची सलाइन देण्याआधी ब-१ देतात. ते फारच कमी पडलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांनी दिलेल्या त्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका.

घरच्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. साखरेचा डबा लपवू नका. "आता हे सुरू केलंस का?" असं म्हणू नका. टोमणा बसला की माणूस लपून खायला लागतो. लपवणं, खोटं बोलणं, कोणी नसताना उरकणं ही तर दारूच्या काळातलीच वागणूक. ती परत येणं चार पेढ्यांपेक्षा कितीतरी घातक. समोर बसून, सगळ्यांबरोबर खाऊ दे.

ही सवलत कायमची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे दोन हजार कॅलरी घेणाऱ्याला ५० ग्रॅम. जेवण आणि झोप रुळली की हळूहळू तिथे यायचं. चहातला एक चमचा आधी कमी करायचा. ज्यांना मधुमेह आहे, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे किंवा यकृतावर चरबी सापडली आहे, त्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून डॉक्टरांना विचारूनच गोड खावं. दारू थांबल्यावर इन्शुलिनची, गोळ्यांची मात्रा बदलावी लागू शकते, ती स्वतःहून बदलू नये. दारू सोडताना तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी प्रत्येकानेच करून घ्यावी.

रात्री दोनला उठून खाणाऱ्यांचा प्रश्न बहुतेकदा भुकेपेक्षा मोडलेल्या झोपेचा असतो. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.